अंगी न लागलेलं

प्रिय ढब्बू,

अक्षर वाकडंतिकडं दिसेल. बोटांची टोकं अजून बधिर आहेत, पेन हातात आहे की नाही हे मला बघूनच कळतं. पण अक्षर माझंच आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही, तेव्हा खुर्चीत नीट टेकून बस आणि वाच. जिला स्वतःचं नावही आठवत नाही असं तू सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरतोस, तिचं पत्र आल्यावर तोंडचं पाणी पळणारच. आणि हो, ढब्बूच म्हणणार. औषधांच्या दुकानाचा मालक झालास, लोक तुला साहेब म्हणतात, तरी तुझं बाळसं उचलून उचलून कंबर माझीच मोडली होती.

सुरुवातीपासून सांगते, कारण तुझी आठवण सोयीने चालते. तुझे बाबा गेल्यानंतर वर्षभरात माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायातून निसटली तरी समजायचं नाही; एकदा तर बाजारातून एक पाय अनवाणी घेऊन घरी आले आणि दारात सूनबाईने विचारलं तेव्हा कळलं. जीभ लालबुंद, गुळगुळीत झाली होती, साधं मीठसुद्धा झोंबायचं. तुला सांगितलं. तू पेपर खाली न करता म्हणालास की वय झालं. पुन्हा सांगितलं तेव्हा दुकानातून शक्तीच्या गोळ्यांची बाटली आणलीस, मुदत संपत आलेली, गिऱ्हाइकाला देता येणार नाही अशी. मी ती डोळे मिटून घेतली. मुलगा औषधवाला, मग आईने शंका का घ्यावी?

आणि मी तरी कोण? गृहशास्त्राची बाई. सगळी नोकरी फळ्यावर तक्ता काढण्यात गेली. ‘अ’ जीवनसत्त्व नसेल तर रातांधळेपणा, ‘क’ नसेल तर हिरड्यांतून रक्त, ‘ड’ नसेल तर मुडदूस, लोह कमी पडलं तर पंडुरोग, आयोडीन नसेल तर गलगंड. मुली पोपटासारख्या म्हणायच्या. त्या ‘ब’च्या मोठ्या खटल्यात बारा नंबरचा एक भाऊ होता, त्याच्यावर परीक्षेत प्रश्न येत नसे म्हणून मी त्याला एका ओळीत उरकायची. नेमका तोच माझ्यावर उलटला. दूध, अंडी, मासे, सगळं मी वेळेवर खात होते. ताटात काय वाढावं ते मी जन्मभर शिकवलं, पण वाढलेलं पोटात गेल्यावर अंगी लागतंच असं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग डोकं फिरायला लागलं. तेही लपवत नाही. मी दूध कपड्यांच्या कपाटात ठेवलं. चष्मा चोरल्याचा आळ सूनबाईवर घेतला आणि तो माझ्याच नाकावर होता. ती अन्नात विष घालते असं शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं. तिने फार सोसलं, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार तुझ्याबद्दल आहे. तू एकदाही मला डॉक्टरकडे नेलं नाहीस. खोलीला बाहेरून कडी लावलीस आणि मग एक दिवस, चार दिवस हवापालट करून येऊ म्हणत, इथे या वृद्धाश्रमात आणून सोडलंस. न्हाणीघराला लागून असलेली खाट, फिनेलचा वास, आणि समोरच्या खाटेवर दिवसभर टाळ्या वाजवणाऱ्या एक आजी. जाताना तू मागे वळून पाहिलं नाहीस. डोकं फिरलं होतं तरी एवढं मात्र लक्षात राहिलं.

इथे आठवड्याला एक डॉक्टरीणबाई येतात. तुझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. पहिल्याच खेपेला त्यांनी जीभ बघितली, मला उभं करून डोळे मिटायला सांगितलं, आणि मी सरळ त्यांच्या अंगावर कोसळले. रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला त्या दिवशी त्या खाटेवर माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “आजी, तुम्ही वेड्या नाही. तुम्ही उपाशी आहात.” मग त्यांनी समजावून सांगितलं, मी तेव्हा अर्धंच समजले, पुढे नीट समजलं. बारा नंबरचं ते जीवनसत्त्व अन्नातून उचलून घ्यायला पोटात एक रस लागतो. माझ्या पोटाने तो करणंच सोडलं होतं. तू दिलेल्या गोळ्यांत फोलिक अ‍ॅसिड होतं, त्याने रक्त वरवर सुधारलं आणि आत मज्जातंतू झिजत राहिले. म्हणजे भिंतींना रंग काढला आणि वासे वाळवीने खाल्ले. त्यावरचं इंजेक्शन तुझ्याच दुकानात, तू बसतोस तिथून हात लांब केला तर पोचेल अशा खणात असतं. खोटं असेल तर सांग.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी झोप परतली, मग चव, मग हळूहळू माणसं. टाळ्यावाल्या आजींचं गाव कुठलं, त्यांची मुलं कोण, सगळं मला कळायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी तुला फोन करून सांगितलं की आई सुधारतेय. पुढच्याच रविवारी तुम्ही दोघं आलात. पाऊल ओळखलं मी तुझं. उठून बसले, केस सारखे केले. दार अर्धवट उघडं होतं आणि तू उंबऱ्यावर थांबून सूनबाईला म्हणालास, “सुधारली तर घरी न्यावी लागेल. ओळखलं नाही म्हणजे बरं.”

हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. ते तसंच ठेवून मी विचारलं, “आपण कोण?”

तुझ्या तोंडावर जी सुटका पसरली ती मी जन्मात विसरणार नाही. दहावी पास झालास तेव्हासुद्धा इतका खुलला नव्हतास.

तेव्हापासून मी तुला ओळखलेलं नाही. तुला खरं सांगू नका म्हणून डॉक्टरीणबाईंना विनवलं, त्या म्हणाल्या, मला हे पटत नाही, पण कुणाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. आणि खरं सांगू? मला त्यात गोडी लागली. एकदा तुला पंखा दुरुस्त करणारा समजून असं झापलं की तू खरोखर स्टुलावर चढलास. एकदा परका गृहस्थ समजून माझ्या मुलाच्या गोष्टी सांगितल्या, तो चौथीपर्यंत अंथरूण ओलं करायचा, मित्राच्या पेपरात बघून पास व्हायचा आणि पकडला गेला की माझ्या पदराआड लपायचा. सूनबाई तोंडाला रुमाल लावून हसत होती. तूही वेड्या बाईसमोर बोलायचं काय भय म्हणून सगळं बोलून जायचास. घरी माझ्या खोलीत आता दुकानाची खोकी ठेवलीत, हे असंच कळलं. मावशीला तू सांगितलंस की ती कुणाला ओळखत नाही, येऊन काय करणार. म्हणून माझी सख्खी बहीण मला न भेटताच वारली. हे तू फोनवर बोलत होतास, माझ्या पायाशी बसून.

त्याच दिवशी मी तुला सांगितलं की मला एक मुलगा होता, तो वारला. तू फोन खाली ठेवलास. “कधी?” असं विचारलंस. मी म्हटलं, “बरेच दिवस झाले.” तू मान खाली घालून रडलास, अगदी मुसमुसून. मी केळं सोलून खाल्लं. सालही तुझ्याच हातात दिलं टाकायला.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. काठी घेऊन जेवणघरापर्यंत जाते. लोहाच्या गोळीवर लगेच चहा पिणाऱ्या म्हाताऱ्यांना दटावते, पालेभाजीवर लिंबू पिळायला लावते, उन्हात बसायला ढकलते. सगळे मला बाई म्हणतात. पाय मात्र परत आले नाहीत. फार उशीर झाला, डॉक्टरीणबाई म्हणतात, जे मेलं ते मेलं.

आता पत्र का लिहिलं ते. मागच्या खेपेला तुझ्या किल्ल्या हातातून गळल्या आणि त्या पडल्याचं तुला आवाजावरून कळलं. जिन्यावर तू कठड्याला धरून पाय आपटत होतास. तोंडावर फिकट पिवळी झाक आहे. मला जेवण मिळालं का, हे तू तीनदा विचारलंस, आणि तिसऱ्यांदा सूनबाईने तुझ्याकडे जसं पाहिलं, ती नजर माझ्या फार ओळखीची आहे. हे आजार पुष्कळदा घराण्यात उतरतात, मुलांना तपासून घ्यायला सांगा, असं डॉक्टरीणबाई मला केव्हाच म्हणाल्या होत्या. मागच्याच्या आधीच्या खेपेलाच मला तुझा संशय आला होता आणि मी गप्प बसले. महिनाभर घास चावताना विचार केला की सांगावं की बघत बसावं. सांगायचं ठरवलं. उद्याच रक्त तपास. दुकानातल्या शक्तीच्या गोळ्या खात बसू नकोस. तेच निघालं तर इंजेक्शन घे आणि जन्मभर चुकवू नकोस. हे मायेने सांगतेय असं मात्र समजू नकोस. डोकं गेलेल्या माणसाला लाज नसते, पश्चात्ताप नसतो, तो सगळ्यातून सुटतो. तुला तसं सुटू द्यायचं नाही मला. तुझं डोकं शेवटपर्यंत शाबूत राहिलं पाहिजे, म्हणजे तू काय केलंस ते रोज सकाळी उठल्यावर तुला आठवेल.

तुझीच, तुला पुरती ओळखून असलेली,
आई