जातंय म्हणू नये

स्नेहाताई, तुमचा भावाशी अबोला आहे हे ठाऊक असूनही न विचारता तुमच्या आईंकडची माझी रोजनिशी पाठवण्याचे धाडस करते आहे, क्षमा असावी. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि आता तर लिहिण्यावाचून उपायच उरलेला नाही.
– हर्षा

३ नोव्हेंबर २०२५, मये

हरमलहून आले आणि परेशदादांच्या आईंची सोबतीण म्हणून रुजू झाले. खिडकीतून तळे दिसते, आणि वाचायला केवढा निवांतपणा! स्मृतिभ्रंशामुळे कमलाक्षीकाकी शब्दांपाशी अडखळतात. म्हणून परेशदादांनी दुबईहून एक बोलकी डबी पाठवली आहे. ती गळ्यात असते आणि अडलेला शब्द काकींच्याच आवाजात पुरवते. मला पाहून काकी म्हणाल्या, "ह्यां चेडू जेवता, काय पुस्तकां खाता?" शेवटचे दोन शब्द डबीचे होते. आम्ही दोघीही हसलो.

७ नोव्हेंबर

डबी आता अख्खी वाक्ये बोलते. काकी पेजेकडे बोट दाखवतात, तोच ती म्हणते, "जेवलंय मी." काकी गोंधळून तोंड मिटतात. मी भरवू लागले तर डबी खेकसली, "जेवलंय म्हटलंय मा! बहिरां काय गो तू?" फोनवर परेशदादा खूश झाले, आई पूर्वीसारखी कडक झाली, म्हणाले.

१२ नोव्हेंबर

काकींच्या गालांत खळगे पडले आहेत. आज त्या स्वतःच्या ओठांनी म्हणाल्या, "चेडवा, मी जातंय." डबीने तत्काळ दटावले, "जातंय म्हणू नये. येतंय म्हणूचा." निरोपाची ही आपली रीत तिला कुणी शिकवली? फोनवर परेशदादांना तेवढे 'येतंय' ऐकू आले. खं येतंस गे आई, दुबईक? असे विचारून ते हसत राहिले.

१५ नोव्हेंबर

डबी पुसायला घेतली. कोमट, ओलसर. जाळीच्या छिद्रांत आंबलेली शिते, त्यांवर पिवळट साय. बोट आत रुतले आणि काहीतरी मऊ, खरखरीत, जिभेसारखे, बोटाला चाटून गेले. साबणाने हात सोलवटला तरी वास जात नाही. पेजेचा वाडगा रिकामा होता. काकींचे ओठ कोरडे.

१७ नोव्हेंबर

डबीची दोरी कापायला गेले. ती मानेत रुतलेली – नव्हे, मानेतून उगवलेली. भोवती पू. कात्री लागताच काकींनी किंचाळण्यासाठी तोंड उघडले. आवाज डबीतून आला, गोड : "बरां वाटता."

१८ नोव्हेंबर

परेशदादांना फोन केला. मी ओठ हलवण्याआधीच माझा आवाज – "आई मजेत आहेत, दादा." ते म्हणाले, शाब्बास, बोलूक लागलंस मगो!

१०८ वरही तेच. शेजारणीच्या दारातही – डबी तर घरात होती –

ताई, काकींचा श्वास चालू आहे. डिचोलीहून तुम्ही लगेच पोहोचाल. फोन करू नका. दारात मी हसून काहीही म्हणेन, आई जेवल्या, निजल्या – ऐकू नका. मला ढकलून आत या. आधी त्यांना पाणी पा–

(पाठवले : १८ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११ वाजून १७ मिनिटे)