साखळीचा जोड

अप्पा, गॅलरीतल्या टेबलावर दोन नवी हत्यारं पडून आहेत आणि सकाळपासून चार वेळा उठून मी ती बघून आलेय. एकाने साखळीच्या कडीतली जुनी रिव्हेट, म्हणजे कड्या जोडणारी खीळ, दाबून बाहेर काढायची, दुसऱ्याने नव्या रिव्हेटचं डोकं फिरवून बसवायचं. तुमच्याकडे दोन्हींच्या जागी एक पंच, हातोडी आणि ऐरण म्हणून रुळाचा तुकडा होता. निवृत्त झाल्यापासून मी डोंबिवलीच्या घरी झाडं कापायच्या मशीनच्या साखळ्यांना धार लावून देते. घोडबंदर रोडच्या टॉवरांमधले माळी आणून टाकतात. धारेचं सामान ठरलेलं आहे: दाताच्या मापाची गोल कानस, एक चपटी कानस, टेबलाला आवळलेला शिकंजा. जोडकाम मात्र मी कधी घेतलं नव्हतं. गेल्या महिन्यात एक माळी साखळीचं अख्खं रीळच घेऊन आला. "मॅडम, आमच्या मापाची चेन मिळत नाय. तुम्हीच तोडून जोडून द्या ना. धार लावता, मग जोडायला काय?" मी हो म्हणून बसले.

मग हत्यार निवडण्यात पंधरा दिवस घालवले. कल्याणचा दुकानदार हातोडीने ठोकायचा संच पुढे करत होता. मी म्हटलं, ठोकायचं नको, फिरवून बसवायचं द्या. "घरच्या कामाला एवढं कशाला, ताई?" मी पैसे मोजून दिले.

मला अजून दिसतं: विठ्ठलवाडीच्या आपल्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या फरशीवर तुम्ही मांडी घालून बसलेले आहात. परातीत रॉकेल, त्यात साखळी भिजत पडलीय, आणि आई ओरडतेय, "अहो, त्यात मी पीठ मळते!" तुम्ही हसता आणि मला जवळ बोलावता. "रिव्हेट मारली की कडी बोटाने हलवून बघायची. सैल हलली तर ठीक. अडकली तर काढून टाकायची, पुन्हा नवी मारायची. घाई करायची नाही." मी तेव्हा कॉलेजात, बावीस वर्षांची. कच्ची होते असं म्हणायची सोय नाही. हात बसला होता माझा. त्या रविवारी मैत्रिणी खाली उभ्या राहून हाका मारत होत्या, आम्ही सगळ्या ठाण्याला निघालो होतो. शेवटच्या रिव्हेटवर मी हातोडी जोरात मारली. कडी अडकली. मी तिच्यावर तेल सोडलं, दोनदा वाकवली आणि साखळी खिळ्याला टांगून निघून गेले.

मंगळवारी झाड कापताना ती तुमच्या कामातल्या जोडीदाराच्या, काकांच्या हातातल्या मशीनवर तुटली. किती वर्षं तुम्ही दोघं जोडीने झाडं उतरवत होतात! त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. हॉस्पिटलच्या जिन्यात काकू तुमच्या अंगावर धावून आल्या, तेव्हा मी तुमच्या मागेच उभी होते. तुम्ही म्हणालात, "जोड मीच मारला होता, वहिनी." घरी आल्यावर एवढंच विचारलंत, "कडी हलत होती ना गं?" मी म्हटलं, "हो." खोटं बोलले. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, मग हातपाय धुवायला मोरीत गेलात. त्या दिवसानंतर काकांनी तुमचं तोंड पाहिलं नाही. तुम्ही एकटे कामावर जायला लागलात, मग जाणंच बंद केलंत. मी नोकरीला लागले, लग्न करून गेले, तुम्ही गेलात. "हो" ते "हो"च राहिलं.

नवं हत्यार हातात घेतलं आणि रिव्हेट बसवेना. म्हणून गेल्या शुक्रवारी काकांकडे गेले. खूप थकलेत. आधी ओळखलंच नाही, मग म्हणाले, "अरे, तू होय? ये, बस." मी चहाची वाट न बघता सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, शिव्या देतील, नाहीतर म्हणतील, जाऊ दे, जुनं झालं. त्यांनी आपला उजवा हात मांडीवर उलटा करून बघितला.

"तू केलेलंस?"

"हो, काका."

"आणि त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं. मला तरी सांगायचं होतं त्याने." मग आवाज चढला. "मी त्याच्या मयताला आलो नाही, माहितीये तुला? खिडकीतून बघत होतो, इथूनच नेला त्याला. आता मी काय करू, ते सांग. सांग ना!"

मी उठले तरी त्यांनी वर बघितलं नाही. येताना रिक्षात मला राग आला, अप्पा, आणि तो तुमच्यावर आला. तुम्ही मला त्या जिन्यात पुढे ढकलायला हवं होतं. एक थप्पड मारून संपवायला हवं होतं. घरी आल्यावर मुलीला सांगितलं, आजोबांचं नाव साफ करून आले. ती म्हणाली, "बरं केलंस गं आई." पण मी गेले होते ते स्वतःला हलकं वाटावं म्हणून, आणि एका म्हाताऱ्या माणसाला उरलेल्या दिवसांचं ओझं देऊन आले.

काल मी माळ्याची साखळी जोडली. नीट झालीय, कडी बोटाने सैल हलतेय, तरी ती कुणाच्या हातात द्यायला मन होत नाही. आज त्याचा फोन आला, "झाली का मॅडम?" मी म्हटलं, हत्यार अजून आलं नाही, पुढच्या आठवड्यात बघू.