लाली मीच

३ ऑक्टोबर

काढलं मला!

देवेश सरांनी अंधेरीच्या स्टुडिओत बोलावलं, आईला बाहेर बसवलं आणि म्हणाले, "प्रांजल, तू आता फार उंच झालीस. पोरांना लाली छोटीशी लागते." चार वर्षं मी सरांच्या 'चिवचिव गर्ल्स' या लहान मुलांच्या गाण्यांच्या चॅनलवरची लाली — लाल फ्रॉक, लाल रिबिनी, मला बघून बालवाडीतली पोरं किंचाळायची. आणि एका मिनिटात खेळ खलास. माझ्याबरोबरच्या निळू आणि पिवळी आरशासमोर स्टेप बसवत होत्या. एकीनेही मान वळवली नाही. ठीक आहे. लक्षात ठेवीन.

मुलुंडला घरी पोचलो. दारात चपला काढताना आई म्हणाली, "दहावीचं वर्ष आहे. बरंच झालं."

बरंच झालं!!

१० ऑक्टोबर

देवेशचा फोन. (सर म्हणणं बंद.) 'लाली' हे नाव कंपनीचं आहे, मी लाली होते असं कुठेही बोलायचं नाही. "लहान मुलांचं मन मोडतं ना, बेटा."

बेटा म्हणे! माझं मोडलं ते?

१९ ऑक्टोबर

नवी लाली चॅनलवर आली. पिवळीने मेसेज करून माहिती पुरवली — नाव जानकी, गोवंडीची, अकरा वर्षांची. अंगात माझाच फ्रॉक, कंबरेत टाचलेला. नाचते झकास, मान्य. मग गाणं सुरू झालं आणि मी मोबाइल गादीवर फेकला.

माझा आवाज! तिचे ओठ आणि माझा आवाज!

म्हणजे उंच मुलगी नको, तिचा गळा चालतो. देवेश, तुझी वाट लावते की नाही बघ.

२ नोव्हेंबर

ठरलं. बालदिनाला घाटकोपरच्या मॉलमध्ये शो आहे. गाणी नेहमीसारखी लॅपटॉपवरून वाजणार, पोरी नुसत्या तोंडं हलवणार. साउंडवाला सुबोधदादा माझा दोस्त. बघायला येते म्हटलं, तर म्हणाला, "ये ना यार, तुझ्याशिवाय मजाच नाही." बिचारा. बाकी काही सांगितलं नाही त्याला.

आईला वाटतं मी पुस्तकात तोंड लपवून रडते. मी हसत असते.

१४ नोव्हेंबर

केलं!!!

मॉल खचाखच. बाप लोकांच्या खांद्यावर पोरं, सगळ्यांच्या डोक्याला लाल रिबिनी. देवेश पुढे, स्कूलबॅगवाल्या कंपनीच्या साहेबांशेजारी — त्यांच्याच पैशावर चॅनल चालतं. मी सुबोधदादाजवळ उभी. दुसरं गाणं सुरू झालं आणि तो पाण्याची बाटली घ्यायला वाकला. मी लॅपटॉपची आवाजाची वायर खेचली.

सगळं शांत. निळू, पिवळी जागच्या जागी थिजल्या. मी टेबलावरचा माइक उचलला आणि मागून गायला लागले. तेच गाणं, तिथूनच पुढे. सगळी पोरं गर्रकन वळली. एक चिमुरडी ओरडली, "मम्मी, लाली इकडे आहे!" मग काय, सगळ्यांचे मोबाइल माझ्यावर. मी कडवं पूर्ण केलं आणि म्हटलं, "चार वर्षं लाली मीच होते. आवाज अजून माझाच आहे. या देवेशकाकांना विचारा."

देवेशचं तोंड! आयुष्यभर पुरेल मला.

फक्त एक. गाणं थांबलं तरी जानकी थांबलीच नाही. नाचत राहिली. ओठ हलवत, हसत, माझ्याकडेच बघत. काही झालं तरी थांबायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं असतं.

१५ नोव्हेंबर

व्हिडिओ सगळीकडे. शाळेत बाईसुद्धा बघत होत्या.

संध्याकाळी जानकीचा फोन. "ताई, माझी स्टेप चुकली का गं? सर बोलतात माझ्यामुळे झालं." मी फोन ठेवून दिला. मी काय करू? माझ्या वेळी मला कुणी विचारलं?

२१ नोव्हेंबर

स्कूलबॅगवाले गेले. 'चिवचिव गर्ल्स' बंद! पिवळीने मला शिव्या लिहून पाठवल्या, मी तिला लाल बदाम पाठवला. सुबोधदादाचं कामही गेलं. ते नको होतं व्हायला.

आईला ओरडून बातमी सांगितली. "देवेश संपला!" ती भाजी निवडत राहिली.

झोप मस्त लागेल आज.

२३ नोव्हेंबर

जेवताना आई म्हणाली, "त्या गोवंडीच्या पोरीला उगाच भोगायला लागलं. तुला मी काढायला लावलं होतं."

मग तिने सगळं सांगितलं. देवेशला मला 'मोठी' करायचं होतं. मोठ्यांसाठी वेगळं चॅनल, वेगळी गाणी. आईला त्याने माझ्यासाठी ठरवलेले कपडे दाखवले. ती तिथून उठली. म्हणाली, हिला काढा, कारण तुम्हीच शोधा, माझं नाव घेतलंत तर पोलिसात जाईन.

"मला का नाही सांगितलंस?"

"मी नको म्हटलं असतं, तर ऐकलं असतंस?"

"नाही. तुझ्याशी परत बोललेच नसते."

"म्हणून," आई म्हणाली.