खडूच्या खुणांचं कापड

मंगळवार, १२ ऑक्टोबर १९७१, भिंगार

नलूने परत केलेलं शर्टाचं कापड समोर पडलंय. खडूच्या खुणांसकट.

गेल्या आठवड्यात तिचे वडील माझं माप घेताना वैतागून म्हणाले, “दुकान बंदच करावं म्हणतो.” तिथेच मी नलूला मागणी घातली. ते कडाडले, “आधी कॉलेज पुरं कर, मग बोल!” माझं डोकंच फिरलं. साप्ताहिकात बाजारपेठेच्या बातम्या मीच लिहितो ना! छापून टाकलं, हे शिंप्याचं दुकान बंद होणार म्हणून.

आज दुकानात ही गर्दी. “मामा, आमचं दिवाळीचं कापड द्या, न्हाईतर घेऊन पळाल!” नलू एकेकाचं कापड परत करत होती. मी माफी मागणार, तोच तिने माझंही पुढे केलं.

बाकीची कापडं कोरीच होती. माझ्यावर एवढे चिडूनही तिच्या वडिलांनी माझंच आधी खडूने आखलं होतं.