दादाच्या हातातली सुई

मंगळवार, संध्याकाळ

दादाने आज स्वतःहून जाळं मागितलं. वहिनीनेच मिरकरवाड्याहून फोन करून सांगितलं. लकव्यानंतर पहिल्यांदाच.

दुपारी अनुवादात ‘एनर्जाइज’ आलं. ‘ऊर्जा देणे’ लिहून लेख वेळेत पाठवला, मग कोश उघडला. शब्दाचं मूळ ग्रीक, अर्थ ‘कामात असलेला’. मग बाहेरून द्यायचं काय? मी दादाला टॉनिक पोचवत राहिलो. जाळं विणायची त्याची सुई मात्र, त्याला त्रास नको म्हणून, आम्हीच माळ्यावर टाकली होती; आज वहिनीने ती काढून दिली.

“भावजी, सुई धरतायत, पण गाठ बसत नाही. शिव्या घालतायत नुसत्या!” वहिनी हसत होती, की रडत?

उजवा हात अजून नीट वळत नाही; डाव्या हाताने जमेल? उद्या त्याला बंदराच्या धक्क्यावर नेऊन बसवायचं ठरलंय. सुई मी नेईन. गाठ मात्र त्यालाच मारू द्यायची, कितीही वेळ लागला तरी.