डाव्या खांद्याकडे

४ जून
ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आई बरी आहे. अधूनमधून ‘ताईचं लग्न कधी करायचं’ असं मला विचारते. भावजींना सांग, त्यांची सुटका अजून होऊ शकते.

खरं रडगाणं भट्टीचं आहे. बाहुल्यांची डोकी भाजून निघतात ती मान वाकडी करून. डोळ्यांच्या खाचांपाशी तडे जायचे, ते तुझ्या युक्तीने थांबले. ओल्या स्पंजाने कडा गुळगुळीत करतो आणि डोकी कापडाखाली सावकाश वाळवतो. पण या मानांनी नाकी नऊ आणलेत. आच हळूहळू वाढवली, खाली वाळू नीट पसरली, भट्टी पुरती निवेपर्यंत दार उघडलं नाही. काही उपयोग नाही. दुकानदाराने निम्मा माल परत पाठवला, पुढचाही असाच निघाला तर तो दुसरीकडे जाईल.

साच्यातून डोकी काढायचं काम आईकडेच आहे, तेवढी एक काळजी नाही.

तुझ्या रागालोभाचा हक्कदार,
धाकटा

१२ जून
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझे भावजी म्हणाले, सुटकेचं आधी कळवायचं होतं. लेक आजीची रोज चौकशी करते.

एक कर. डोकी भट्टीत वेगवेगळ्या दिशांना तोंड करून ठेव. आच एकीकडे जास्त असेल तर सगळी एकाच भिंतीकडे कलतील. पण तोंड कुठेही असून प्रत्येक बाहुली आपल्या एकाच बाजूच्या खांद्याकडे कलली, तर बिचाऱ्या भट्टीला शिव्या देऊ नकोस. दोष आधीचा आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी ताई

२० जून
ती. ताईस,
सा. न.

सगळ्या डाव्याच खांद्याकडे कलल्या. म्हणून काल आईजवळ बसून राहिलो. तिने साच्यात पातळ माती ओतली, आणि ती आत्ताच ओतली हे विसरून थोड्या वेळात साचा उघडला. डोकं लिबलिबीत होतं, मान कलली. आईने डाव्या गालाला अंगठ्याने रेटून ती सरळ केली आणि वाळत ठेवली. बघणाऱ्याला शंकाही येऊ नये.

ओली असताना वाकलेली माती सरळ केली तरी भट्टीत पुन्हा वाकते, माती काही विसरत नाही, हे आपल्याला तिनेच शिकवलं ना? मी तिला तसं म्हणालो. तिने कौतुकाने विचारलं, हे तुला कोणी शिकवलं?

मी उठून मागच्या खोलीत गेलो आणि रडलो. आता काय करू, तूच सांग.
धाकटा

२७ जून
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

साचे तिच्याकडून काढून घे. दुकानदार गेला तर तुम्ही दोघं खाणार काय? तिला काही कळणार नाही. हे लिहिताना मला किती वाईट वाटतंय ते तुला वेगळं सांगायला नको.
तुझी ताई

१९ जुलै
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साचे काढून घेतले. माल सरळ निघाला, दुकानदार खूश आहे.

आई खिडकीशी बसून असते. मांडीवर अंगठा हलत राहतो, काहीतरी रेटल्यासारखा. मला बघवेना. परवा एक साचा तिच्या हातात दिला, म्हटलं, होऊ देत वाकड्या, आपण घरात ठेवू. तिने तो उलटसुलट करून पाहिला, हे काय असतं म्हणून विचारलं, आणि परक्याची वस्तू द्यावी तसा जपून मला परत केला.

तिने काढलेलं शेवटचं डोकं मी मुद्दाम भाजलं. मान वाकडी झाली आहे. कापसात गुंडाळून पाठवतोय. डाव्या गालावर तिच्या अंगठ्याचा खळगा आहे. भाजून माती आक्रसते, तसा तोही लहान झालाय. माझा अंगठा त्यात मावत नाही, तुझाही मावणार नाही. लेकीचा ठेवून बघ, आणि बसला तर लगेच कळव.

आईच्या वाटणीचाही लोभ आता तूच माझ्यावर कर.
धाकटा