चौथ्या रंगाच्या खिडकीची व्यवस्था

या घरात आले ते असे: कापडावर छापणारे ऑटोमॅटिक मशीन एक, किंमत माझे सगळे सोने आणि वर बँकेचे कर्ज. जाळीच्या चौकटी, म्हणजे स्क्रीन, सहा, एकेका रंगाला एक. फुकट म्हणून आल्या, बिलात मात्र निघाल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीत खिडकी एक, किंमत गवंड्याची मजुरी आणि चहा. मुलीची दोन बोटे गेली, त्यांची किंमत कुणी लिहिली नाही.

मी, मॅट्रिक पास, या घराची मालकीण, देवाला स्मरून आणि कुणाच्या धाकात न येता हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासले आहे. मुलाला शंका असेल तर त्याने स्वतःचेही तपासून घ्यावे.

१. पुढची खोली आणि मशीन मुलाला. आणताना त्याने मशीनचा घेर मोजला, पण स्क्रीन हातात धरून माणूस कुठे उभा राहणार ते मोजले नाही. चौथ्या रंगाची स्क्रीन लावायच्या जागी मशीन आणि भिंत यांत वीतभर फट राहिली. विकणारा बोलघेवडा मला म्हणाला, "काय मावशी, मावलं की नाही?" मशीन मावले, माणूस मावेना. मग माझ्या ओट्यामागची भिंत फोडून खिडकी केली. लग्न मोडून घरी आलेल्या माझ्या मुलीने वर्षानुवर्षे तिथून स्क्रीन आत सरकवली, खुणेला लावली, चाप आवळला, आणि काम संपले की शाई गळणारी स्क्रीन माझ्या कणकेवरून बाहेर ओढली. निळे ठिपके आम्ही खुडून टाकत असू. मुलगा गिऱ्हाइकांना सांगायचा, "दोन माणसांत चालतं माझं मशीन!" तिसरी भिंतीआड होती.

२. माझी शिवणाची टेपही मुलालाच. कारण वर आले आहे.

३. सुनेला पितळेची भांडी. "वन्सं फुकट जेवतात" हे ती ज्या ताटात जेवताना म्हणाली, तेवढे ताट सोडून. ते मुलीला.

४. स्वयंपाकघर, मधली भिंत पूर्ण जाडीसकट आणि खिडकी मुलीला. मुलाने हाक न देता मशीनचे चाक फिरवले तेव्हा तिचा उजवा हात आत होता. दवाखान्यात नेण्याआधी तो म्हणाला, "ताई, बघून घालायचा ना हात! सगळा लॉट वाया गेला." पट्टी सुटल्यावर तिने डाव्या हाताने पिशवी भरली आणि गेली. तेव्हापासून स्क्रीन मी सरकवते. आता माझ्याने उचलवत नाही, तर म्हणतो भिंतच पाडू, आई वरच्या खोलीत राहील. देवाचा कोनाडा त्याच भिंतीत आहे म्हटले, तर, "देव काय गं, कुठेही राहतील." राहतील. भिंतही राहील.

५. मुलीच्या लेखी परवानगीशिवाय त्या भिंतीची एक वीट काढू नये. चौथा रंग लागला तर मुलाने खिडकीशी येऊन "ताई, स्क्रीन लावतेस का?" असे विचारावे. ती सांगेल ती मजुरी आधी द्यावी. नाही म्हणाली तर त्या रंगावाचून छापावे. लावून झाल्यावर "ताई, हात बाहेर आहे ना?" विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत चाकाला हात लावू नये.

६. माफीचे कलम मी घातलेले नाही. मागायची असेल तर खिडकी आहे.

सही: घरमालकीण, स्वहस्ते.
साक्षीदार, माझ्यादेखत सही करणारे: (१) खिडकी फोडणारा गवंडी. (२) शेजारच्या शिवणकामवाल्या बाई.
ठिकाण: ओट्यापाशी, भिंतीची आतली बाजू.
तारीख: नऊ फेब्रुवारी, शुक्रवार.

एक प्रत मुलीला टपालाने.
बाळ, खिडकीच्या झडपेची कडी आजवर त्याच्या बाजूला होती. ती काढून आत, आपल्या बाजूला बसवून घेते आहे. तुझ्या हाताला डावीकडे सोपी पडेल की उजवीकडे, तेवढे उलट टपाली कळव. सुतार खोळंबला आहे.